दोन नकारांचा एक होकार

कापडाच्या, भांड्यांच्या किंवा सोन्याचांदीच्या बहुतेक जुन्या दुकानांत गल्ल्याच्या मागे एक पाटी टांगलेली आढळते : 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक'. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, एवढाच तिचा आशय. बिलबुकाच्या तळाशीही हेच वाक्य बारीक अक्षरांत छापलेले असते. (सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते; तेव्हा या पाटीवर कितपत विसंबावे, हा प्रश्न निराळा.) आता अशी कल्पना करावी की, नवे बिलबुक छापावयाचे आहे आणि मजकूर तपासण्याचे काम घरातील सातवीतल्या मुलाकडे आले आहे, कारण तो इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याला ते वाक्य मिळमिळीत वाटले आणि ते अधिक जोरकस व्हावे म्हणून त्याने आरंभी एक 'नो' जोडला : 'नो गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक'. मुलाच्या मते नकार दुप्पट झाला. प्रमाण इंग्रजीच्या हिशेबाने मात्र त्या वाक्याचा अर्थ 'परत घेतला जाणार नाही असा एकही माल नाही', म्हणजेच 'विकलेला प्रत्येक माल परत घेतला जाईल', असा झाला. एका अक्षराने दुकानदाराची अट ग्राहकाच्या हमीत बदलली.

इंग्रजी व्याकरणात याला 'डबल निगेटिव्ह' म्हणतात. सहावी ते आठवीच्या वयात हा विषय मुलांसमोर येतो, दोन-चार उदाहरणे होतात, परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न पडतो आणि पुढे सारे विसरले जाते. चूक मात्र विसरली जात नाही. ती महाविद्यालयात जाते, नोकरीच्या अर्जात उतरते आणि शेवटी पेढीच्या पत्रव्यवहारात येऊन बसते. आज आपल्या अनेक कुटुंबांतील मुले व सुना परदेशी ग्राहकांशी ई-मेलने व्यवहार करतात. तेथे समोरचा माणूस आपला चेहरा पाहत नाही, सूर ऐकत नाही. जे लिहिले आहे तेवढेच वाचतो. म्हणून ही चूक मुळात का होते, हे पालकांनीही थोडे समजून घ्यावे, असे वाटते. नुसता 'एका वाक्यात दोन नकार नकोत' हा नियम पाठ करून ती जात नाही, हा बहुतेक शिक्षकांचा अनुभव आहे.

कारण दडले आहे आपल्या मातृभाषेत. मराठीतील 'कोणी', 'काही', 'कधी', 'कुठे' हे शब्द स्वभावतः तटस्थ आहेत. 'कोणी आले का?' यात जो 'कोणी' आहे, तोच 'कोणी आले नाही' यातही आहे. नकाराचा सारा भार क्रियापदाशेजारच्या 'नाही'वर असतो. इंग्रजीने येथे दोन वाटा ठेवल्या आहेत. नकार क्रियापदाजवळ ठेवायचा असेल, तर पुढे 'एनी'च्या घराण्यातील शब्द घ्यायचा : 'आय डिडन्ट सी एनीबडी'. किंवा नकार त्या शब्दातच मुरवायचा आणि क्रियापद होकारी ठेवायचे : 'आय सॉ नोबडी'. दोन्ही वाक्ये शुद्ध आणि दोन्हींचा अर्थ एकच, 'मला कोणी दिसले नाही'. वाट कोणतीही धरावी. दोन्ही वाटांनी एकदम चालता येत नाही.

आपले मूल नेमके तेच करते. त्याचे कारण त्याच्या शब्दार्थांच्या वहीत सापडते. तेथे लिहिलेले असते : नोबडी म्हणजे 'कोणी नाही', नथिंग म्हणजे 'काही नाही', नेव्हर म्हणजे 'कधीच नाही'. हे अर्थ चुकीचे नाहीत, पण फसवे आहेत. 'कोणी नाही' या जोडीतील 'नाही' हा मराठीत क्रियापदाचा भाग असतो. मूल वाक्य रचताना 'कोणी नाही'साठी 'नोबडी' घेते आणि 'दिसले नाही' यातील 'नाही' शिल्लक राहिला असे समजून 'डिडन्ट'ही घेते. तयार होते 'आय डिडन्ट सी नोबडी'. म्हणजे एकच रक्कम दोन पानांवर नावे पडली. येथे दोष मुलाच्या बुद्धीचा नसून शब्दार्थ सांगण्याच्या रीतीचा आहे.

यावर व्यापारी घरातील मुलाला चटकन पटेल असा एक उपाय आहे. 'नोबडी'चा अर्थ 'कोणी नाही' असा न सांगता 'शून्य माणसे' असा सांगावा. 'नथिंग' म्हणजे शून्य वस्तू, 'नेव्हर' म्हणजे शून्य वेळा, 'नोव्हेअर' म्हणजे शून्य ठिकाणी. 'मला शून्य माणसे दिसली' हे वाक्य मराठीत विचित्र वाटेल, पण त्यातील क्रियापद होकारी आहे हे मुलाला लगेच कळते. 'आज गल्ल्यात शून्य रुपये आले' हे तर कोणत्याही दुकानात खपून जाईल. मग 'शून्य रुपये आले नाहीत' असे म्हणून पाहावे. मूल स्वतःच हसते आणि म्हणते, म्हणजे काहीतरी आले! तेथे नियम समजला. पुस्तकातील व्याख्येची आता आवश्यकता उरत नाही.

याच ठिकाणी आणखी एक खाचखळगा आहे. 'कोणीही आले नाही' याचे इंग्रजी करताना मुले, दोन नकार टाळायचे म्हणून, 'एनीबडी डिडन्ट कम' असे लिहितात. दोन नकार टळले, पण वाक्य फसले. 'एनी'च्या घराण्यातील शब्दांना त्यांचा नकार आधी यावा लागतो. तो मागून आलेला चालत नाही. कर्त्याच्या जागी, वाक्याच्या तोंडाशी, 'एनीबडी' नव्हे तर 'नोबडी' यावा : 'नोबडी केम'. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतो आणि तोपर्यंत श्रोता थांबतो. इंग्रजी भाषा मात्र नकार शक्य तितका आधी सांगून मोकळी होते. हा दोन भाषांच्या स्वभावातील भेद आहे आणि मुलांना तो एकदा नीट दाखवला, तर पुढची बरीच वाट सोपी होते.

(एक बारीकशी अडचण येथेच सांगून टाकतो. इंग्रजीतील नकाराचा 'नो' आणि 'जाणणे' या अर्थाचा 'नो' देवनागरीत अगदी एकसारखे दिसतात. त्यामुळे वर्गातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, 'मला काही ठाऊक नाही' याचे चुकलेले इंग्रजी, या लेखात मुद्दामच घेतलेले नाही.)

तथापि आपल्याकडील खरा जुनाट रोग वेगळाच आहे आणि तो मोठ्यांनाही जडलेला आहे. तो म्हणजे 'अन्टिल' आणि 'अन्लेस' या दोन शब्दांपुढील नकार. 'जोपर्यंत माल पोहोचत नाही, तोपर्यंत पैसे देऊ नका' हे निर्दोष मराठी वाक्य. त्याचे इंग्रजी 'डोन्ट पे अन्टिल द गुड्स डू नॉट अराइव्ह' असे केलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, काहींनी धाडलेही असेल. इंग्रजी जाणणारा परदेशी व्यापारी ते वाचून क्षणभर थांबतो. माल न पोहोचण्याच्या क्षणापर्यंत थांबायचे, म्हणजे नेमके कधीपर्यंत?

चुकीचे मूळ असे की, मराठी 'जोपर्यंत' कालखंड मोजतो, तर इंग्रजी 'अन्टिल' त्या कालखंडाची सीमा दाखवतो. माल न पोहोचलेला असण्याचा सारा काळ 'जोपर्यंत'ने व्यापला जातो, म्हणून तेथे 'नाही' हवाच. 'अन्टिल'पुढे मात्र ज्या घटनेने प्रतीक्षा संपते ती घटना ठेवायची असते आणि ती घटना आहे माल पोहोचणे. तेव्हा 'अन्टिल द गुड्स अराइव्ह' एवढेच पुरे. घरी गुजराती बोलणाऱ्या कुटुंबांत 'ज्यां सुधी' आणि हिंदीकडे कल असलेल्या घरांत 'जब तक' याच रीतीने नकार घेऊन येतात, त्यामुळे ही चूक केवळ मराठी मुलांची नाही. ती जवळजवळ साऱ्या उत्तर व पश्चिम भारताची आहे आणि म्हणूनच ती कोणाला खटकत नाही. एकमेकांची पत्रे आपण एकमेकांच्या मनाप्रमाणे वाचत असतो.

सुदैवाने या रोगाचे औषधही मराठीतच आहे. हाच आशय मराठीत दुसऱ्या रीतीने सांगता येतो : 'माल पोहोचेपर्यंत पैसे देऊ नका'. येथे 'पोहोचेपर्यंत' या रूपात नकार नाही आणि त्याची घडण 'अन्टिल'शी तंतोतंत जुळते. म्हणून मुलांना अशी सवय लावावी की, 'जोपर्यंत… नाही' असे वाक्य समोर आले, तर आधी ते मनात '-पर्यंत'च्या रूपात बदलून घ्यावे आणि मगच त्याचे इंग्रजी करावे. 'जोपर्यंत बाबा येत नाहीत' याचे 'बाबा येईपर्यंत', 'जोपर्यंत सही होत नाही' याचे 'सही होईपर्यंत'. एवढे केले की, नको असलेला 'नॉट' आपोआप गळून पडतो.

'अन्लेस'चे गणित याहून सोपे आहे. या शब्दाच्या पोटातच 'जर नाही तर' सामावलेले आहे. मराठीतील '-ल्याशिवाय' हे त्याचे सख्खे भावंड समजावे. 'पैसे मिळाल्याशिवाय माल पाठवणार नाही' यातील 'मिळाल्याशिवाय' म्हणजेच 'अन्लेस पेमेंट इज रिसीव्ह्ड'. येथे 'अन्लेस पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड' असे लिहिले, तर अट उलटी होते : 'पैसे न मिळाले तरच माल पाठवू'. एखाद्या सांगलीच्या हळद व्यापाऱ्याने परदेशी खरेदीदारास असे लिहून धाडले, तर खरेदीदार बहुधा समजून घेईल. परंतु उद्या वाद उपस्थित झाला आणि तोच कागद वकिलाच्या हाती गेला, तर समजून घेणे हे वकिलाचे काम नव्हे. ज्याला 'अन्लेस' अवघड वाटतो, त्याने सरळ 'इफ' वापरून पुढे 'नॉट' लिहावा. अशा साध्या वाक्यात कमीपणा काहीच नाही.

काही शब्द वरून होकारी दिसतात, पण आत नकार बाळगून असतात. 'हार्डली', 'स्केअरस्ली', 'बेअरली', 'सेल्डम' ही त्यांची नावे. 'ही कान्ट हार्डली वॉक' असे लिहिले की, तेथे दोन नकार झाले. 'ही कॅन हार्डली वॉक' हे शुद्ध. या शब्दांना मराठी जोडीदार अगदी नेमके आहेत. 'जेमतेम', 'क्वचित' हे शब्द मराठीतही होकारी क्रियापद घेतात. 'तो जेमतेम चालू शकतो' असेच आपण म्हणतो, 'जेमतेम चालू शकत नाही' असे नव्हे. शब्दार्थ शिकवताना 'हार्डली'पुढे 'जवळजवळ नाही' असे न लिहिता 'जेमतेम' लिहिले, तर ही चूक उद्भवतच नाही.

'डिनाय' या क्रियापदाच्या बाबतीत मात्र आपली मराठीच ढिली पडली आहे. 'आपण पैसे घेतले नाहीत, असा इन्कार त्याने केला' अशी वाक्ये वृत्तपत्रांत सर्रास येतात. वस्तुतः इन्कार करायचा तो पैसे घेतल्याचा. न घेतल्याचा इन्कार म्हणजे कबुलीच झाली. 'पैसे घेतल्याचा त्याने इन्कार केला' हे शुद्ध मराठी आणि 'ही डिनाइड टेकिंग द मनी' हे शुद्ध इंग्रजी. येथे मुलाची इंग्रजी सुधारण्याआधी आपण आपली मराठी सुधारावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. 'लेस्ट'चाही हाच प्रकार. 'तो नापास होऊ नये म्हणून' यातील 'नये' डोळ्यांपुढे असल्याने मुले 'लेस्ट ही शुड नॉट फेल' लिहितात. 'लेस्ट ही शुड फेल' एवढे पुरते.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती बहुधा वर्गात सांगितली जात नाही आणि त्यामुळे हुशार मुले गोंधळतात. दोन नकार दरवेळी चूक असतातच, असे नाही. 'इफ यू डोन्ट स्टडी, यू वोन्ट पास' यात दोन नकार आहेत आणि वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे, कारण ही दोन निरनिराळी उपवाक्ये आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक नकार आला आहे. नियम वाक्याला लागू नाही, उपवाक्याला लागू आहे. प्रत्येक क्रियापदाचे स्वतंत्र खाते धरावे आणि एका खात्यावर एकच नकार मांडावा.

हे नीट न कळल्याने मुले 'ट्रान्सफॉर्मेशन' म्हणजे वाक्य-परिवर्तनाच्या प्रश्नात अडखळतात. अर्थ न बदलता होकारी वाक्य नकारी करा, असा तो प्रश्न असतो. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने भारतातील कित्येक पिढ्यांकडून हा व्यायाम करून घेतला आहे. (यांपैकी पी. सी. रेन यांनी 'ब्यू जेस्ट' ही गाजलेली साहसी कादंबरी १९२४ मध्ये लिहिली, हे अनेकांना ठाऊक नसते.) 'प्रत्येक आई मुलावर प्रेम करते' याचे नकारी रूप 'देअर इज नो मदर हू डज नॉट लव्ह हर चाइल्ड'. मूल विचारते, कालपर्यंत दोन नकार चालत नव्हते, आज तेच कसे मागता? उत्तर वर आलेच आहे. 'अशी आई नाही' हे एक उपवाक्य आणि 'जी प्रेम करीत नाही' हे दुसरे. येथे नकाराने नकार मुद्दाम खोडला आहे आणि खोडून जे उरते ते 'प्रत्येक आई'. बिलबुकाच्या वाक्यात हेच नकळत घडले होते, एवढाच फरक.

मुद्दाम योजलेला दुहेरी नकार कायद्याच्या भाषेत तर फार मानाच्या जागी बसलेला आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये राज्याने समानता 'नाकारू नये' असे सांगितले आहे. नाकारणे हा एक नकार आणि तो करू नये हा दुसरा. 'राज्य समानता देईल' असे म्हटले असते, तर समानता ही राज्याची देणगी ठरली असती. 'नाकारणार नाही' या शब्दांतून ती आधीपासूनच माणसाची आहे, असे सूचित होते. अशा ठिकाणी दोन नकारांची बेरीज साध्या होकारापेक्षा अधिक सांगून जाते.

'अन', 'इन', 'नॉन' या उपसर्गांचेही असेच. आपल्याला 'अ' या उपसर्गाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. 'अहिंसा' आणि 'अपरिग्रह' हे शब्द घराघरांत लहानपणापासून कानांवर पडतात. 'अशक्य नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा 'शक्य आहे' याच्यापेक्षा थोडे कमी आणि 'अशक्य' याच्यापेक्षा पुष्कळ अधिक असे काही म्हणायचे असते. इंग्रजीतील 'नॉट इम्पॉसिबल', 'नॉट अनकॉमन' हे प्रयोग याच जातीचे आहेत आणि ते शुद्ध आहेत. मात्र त्यांची चटक लागू देऊ नये. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मधील आपल्या राजकारण व इंग्रजी भाषा यांवरील प्रसिद्ध निबंधात या 'नॉट अन' सवयीची चांगलीच थट्टा केली आहे. मराठीत आपण 'धंदा कसा चाललाय?' या प्रश्नाला 'वाईट नाही' असे उत्तर देतो. त्याचा अर्थ 'उत्तम' असा कोणी घेत नाही, 'मंदी' असाही घेत नाही. 'तो काही कमी नाही' या वाक्यात तर कौतुकापेक्षा सावधगिरीची सूचना अधिक असते.

त्यामुळे 'उणे गुणिले उणे म्हणजे अधिक' हा शिक्षकांचा आवडता दाखला जपून वापरावा. सातवीच्या सुमारास मुले पूर्णांक संख्यांचा गुणाकार शिकतात, तेव्हा तो त्यांना आवडतो आणि खातेवहीचे उदाहरण दिले तर मनात रुजतोही : आपल्याकडून येणे असलेले पाचशे रुपये समोरच्याने माफ केले, तर आपण पाचशेंनी वर आलो; देणे उणे झाले, म्हणजे जमेची बाजू वाढली. पण भाषा ही रोकडवहीइतकी काटेकोर नाही. उणे पाचची उणे बाजू बरोबर पाचच असते. 'वाईट नाही' याची किंमत 'चांगले' एवढी भरत नाही.

संस्कृत वैयाकरणांनाही दोन 'न' एकत्र आले की मूळ अर्थच उरतो, हे मान्य होते. लॅटिनमध्येही तसेच. किंबहुना त्या भाषेत 'कोणी नाही' आणि 'नाही' हे दोन शब्द ज्या क्रमाने ठेवावेत, त्यावर 'सर्वजण' की 'कोणीतरी' हे ठरत असे. इंग्रजी मात्र पूर्वी अशी नव्हती. इ. स. १४०० मध्ये निवर्तलेले कवी चॉसर यांनी 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत आपल्या सरदाराच्या तोंडून कधी अपशब्द निघाला नाही हे सांगताना एकाच वाक्यात चार नकार रचले आहेत आणि तेथे प्रत्येक नकार आधीच्या नकाराला बळच देतो. शेक्सपिअर यांच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधील व्हायोला आपल्या हृदयावर अन्य कोणाची सत्ता चालणार नाही असे सांगताना लागोपाठ तीन नकार उच्चारते. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटले नसणार.

पुढे लिखित इंग्रजीतून ही रीत हळूहळू मागे पडत गेली आणि अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी तिच्यावर बंदीचा शिक्का मारला. रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूंचे व्याकरण १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन नकार परस्परांना नष्ट करतात, हा नियम त्यांच्या ग्रंथामुळे रूढ झाला. तो घरोघरी पोहोचवला लिंडली मरे यांनी. हे गृहस्थ मूळचे अमेरिकेतील वकील आणि व्यापारी. न्यूयॉर्कमध्ये व्यापारात पुरेशी कमाई करून ते निवृत्त झाले, प्रकृतीसाठी इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले आणि तेथील एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी व्याकरण लिहिले. १७९५ मध्ये निघालेले ते पुस्तक पुढे अनेक दशके अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर शिकवले जात होते. व्यापाऱ्याच्या हातून व्याकरण लिहिले जावे, याचे नवल वाटायचे कारण नाही. शब्दाची नेमकी किंमत करारात मोजणाऱ्याला ती वाक्यातही मोजता येते.

घरातील किशोरवयीन मुले एक प्रश्न हमखास विचारतात. मग इंग्रजी गाण्यांत दोन नकार कसे चालतात? रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९६५ मधील 'आय कान्ट गेट नो सॅटिस्फॅक्शन' या गाण्याच्या नावातच दोन नकार आहेत आणि ते ऐकून गायकाला समाधान लाभले आहे, असे जगात कोणाला वाटले नाही. या प्रश्नाला 'ते अशुद्ध आहे' एवढेच उत्तर देऊन मुलाला गप्प करू नये. लंडनच्या कामगार वस्त्यांत, अमेरिकेच्या दक्षिणेत आणि तेथील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीत चॉसरच्या काळची नकाराला नकार जोडण्याची रीत आजही जिवंत आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबव यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, या बोलींत नकार कोठेही विखुरलेले नसतात, त्यांना त्यांचे स्वतःचे नियम असतात. स्पॅनिश आणि रशियन या भाषांत तर दुहेरी नकार हाच शुद्ध प्रयोग आहे. खानदेशी वा वऱ्हाडी बोली घरात गोड वाटते, तिच्यात चूक काहीच नसते, पण न्यायालयात द्यायचा अर्ज आपण प्रमाण मराठीत लिहितो. तसेच हे. परीक्षा आणि पत्रव्यवहार यांची भाषा प्रमाण इंग्रजी आहे, म्हणून तेथे तिचा नियम पाळायचा.

सराव कसा करावा, असे पालक विचारतात. वेगळे पुस्तक आणण्याची गरज नाही. पेढीवरील जुनी बिले, मालाच्या अटी, वाहतूक कंपनीच्या पावत्या यांवर नकारी वाक्यांचा तोटा नसतो. आठवड्यातून एकदा त्यांतील तीन वाक्ये घ्यावीत आणि मुलाला प्रत्येक वाक्य दोन्ही वाटांनी लिहायला सांगावे, एकदा नकार क्रियापदाजवळ ठेवून, एकदा नामात मुरवून. 'वुई डू नॉट हॅव एनी ब्रँच' आणि 'वुई हॅव नो ब्रँच'. 'वुई डोन्ट चार्ज एनीथिंग फॉर डिलिव्हरी' आणि 'वुई चार्ज नथिंग फॉर डिलिव्हरी'. मग ती शेजारी शेजारी ठेवून कोणते वाक्य आपल्या दुकानाच्या पाटीवर शोभेल, हे त्यालाच ठरवू द्यावे. बहुतेक मुले दुसरे निवडतात. ते आटोपशीर असते.

लिहिण्यातील नकार सुधारला तरी बोलण्यातील एक नकार उरतोच आणि तो दूरध्वनीवर घात करतो. नकारी प्रश्नाला उत्तर देताना आपण प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. 'माल मिळाला नाही का?' असे विचारले की 'हो, नाही मिळाला' असे आपले उत्तर असते; 'हो' म्हणजे तुमचे म्हणणे खरे. इंग्रजीत 'यस' आणि 'नो' यांचा प्रश्नाशी काही संबंध नसतो, ते वस्तुस्थितीशी बांधलेले असतात. माल मिळाला असेल तर 'यस', मिळाला नसेल तर 'नो', प्रश्न कसाही विचारलेला असो. 'हॅवन्ट यू रिसीव्ह्ड द गुड्स?' असे हॅम्बुर्गहून कोणी विचारले आणि आपण नुसते 'यस' म्हणून फोन ठेवला, तर तेथे माल पोहोचल्याची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी पैशाची मागणी येते. 'डू यू माइंड' या प्रश्नाचीही तीच कथा : 'आपली हरकत आहे का?' असा त्याचा शब्दशः अर्थ असल्याने, पाहुण्याला बसू द्यायचे असेल तर उत्तर 'नो' असे द्यावे लागते आणि आपली मुले सौजन्याने 'यस' म्हणतात. म्हणून नकारी प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच नये. 'नो, वुई हॅवन्ट रिसीव्ह्ड इट' किंवा 'यस, वुई हॅव रिसीव्ह्ड इट' असे पूर्ण वाक्य बोलावे आणि फोन ठेवल्यावर तेच वाक्य ई-मेलने लिहून पाठवावे.